इमारतीचा हिशेब : त्रिरश्मीपासून तारांकनापर्यंत

पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून वर गेले की पहिली काही मिनिटे दम खाण्यात जातात. मग माणूस मागे वळून शहराकडे पाहतो. खाली फाळके स्मारकाची हिरवळ, मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यापलीकडे पाथर्डी फाट्याच्या बाजूला दरवर्षी वाढत जाणारे मनोरे. तीन वर्षांपूर्वी असाच वळून पाहत असताना एका नव्या इमारतीवरचा भलामोठा फलक दिसला होता. हिरवे पान, त्याखाली चांदण्या आणि ‘ग्रीन बिल्डिंग’ हे दोन शब्द. ज्या लेण्याच्या ओसरीत मी उभा होतो, तिथेही भिंतीवर अक्षरे होती. त्यांतही एका वास्तूचा हिशेब होता. फरक एवढाच, की खालच्या फलकावर आकडा नव्हता आणि वरच्या लेखात आकड्यांखेरीज फारसे काही नव्हते.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. इमारत चांगली आहे हे कोण ठरवते, कधी ठरवते, आणि ते खरे निघाले का हे पुढे कोण पाहते? या प्रश्नाचा माग काढत मी सार्वजनिक वाचनालयात मिराशींचा कोरीव लेखांवरचा ग्रंथ उघडला आणि त्याच टेबलावर ऊर्जा संहितांची बाडेही पसरली. शिक्षणाने मी ना पुराभिलेखतज्ज्ञ, ना वास्तुविशारद. तरीही या दोन ढिगाऱ्यांचे एकमेकांशी नाते आहे, असे मला दिसले. ते इथे मांडतो.

उषवदाताचा ताळेबंद

दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने खोदवले. ओसरीतल्या एका लेखात ४२ व्या वर्षाचा उल्लेख आहे. हे वर्ष कोणत्या गणनेतले, यावर विद्वानांचे एकमत नाही. काळ ढोबळमानाने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. लेखाचा मजकूर मात्र स्वच्छ आहे. उषवदाताने लेणे संघाला दिले आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कायमची ठेव, दिली. ही रक्कम गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एकीकडे २००० शेकडा एक दराने, दुसरीकडे १००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, वापरायचे ते फक्त व्याज. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. दुसऱ्या ठेवीचे व्याज ‘कुशण’ या खर्चासाठी. त्या शब्दाच्या अर्थावर वाद आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या. २००० वर शेकडा एक म्हणजे २०. हा दर महिन्याचा धरला, तर वर्षाचे २४०. तिकडे २० भिक्षू गुणिले १२ कार्षापण, तेही २४०. एक कार्षापण उरत नाही आणि एक कमी पडत नाही. दर मासिक होता हे कळते तेही या बेरजेवरूनच. मी हा हिशेब प्रथम मांडला तेव्हा टेबलावरचा दिवा मालवायचा विसरून बराच वेळ तसाच बसलो होतो.

गंमत अशी, की डोंगर पोखरायला किती खर्च आला हे उषवदात या लेखात सांगत नाही. छिन्न्या किती झिजल्या, पाथरवटांना काय दिले, याचा पत्ता नाही. लिहिले आहे ते वास्तू उभी राहिल्यानंतर ती चालणार कशी, याबद्दल. त्याच्या दुसऱ्या मोठ्या लेखात लेण्याबरोबर ‘पोढ्यां’चा, म्हणजे पाण्याच्या टाक्यांचा, उल्लेख येतो. निवारा आणि पाणी एका दमात. आणि ठेवीचा हा सगळा व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला व रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, असे लेख बजावून सांगतो. शहराच्या सभेपुढे हिशेब वाचून दाखवायचा आणि मग तो दगडात कोरायचा.

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलांड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे, असा तिचा आशय. गोवर्धनच्या विणकरांना ती समजावून सांगावी लागली नसती. मुद्दलाला हात लावायचा नाही, हे त्यांच्या वहीतच होते.

सहा वर्षांनंतरची दुरुस्ती

दहाव्या लेण्याकडून तिसऱ्याकडे यावे. नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीचे आदेश तिथल्या ओसरीच्या भिंतीवर आहेत. पहिला १८ व्या वर्षाचा. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला राजा कळवतो, की पश्चिम काखडी गावातले, आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत लेण्यातल्या भिक्षूंना द्यावे. नवी राजवट आली, तरी डोंगरावरच्या वस्तीची सोय चालू राहिली.

दुसरा आदेश २४ व्या वर्षाचा. आता अमात्य श्यामक आहे आणि आदेश राजाबरोबर राजमातेच्याही नावाने निघाला आहे. त्यात स्पष्ट कबुली आहे. काखडीतले जे शेत आम्ही पूर्वी दिले होते ते कोणी कसत नाही आणि ते गावही आता वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजकीय शेतातली १०० निवर्तने या भिक्षूंना द्यावीत.

या चार ओळींमागे काय घडले असेल, पाहा. कागदोपत्री भिक्षूंकडे २०० निवर्तने जमीन होती. प्रत्यक्षात उत्पन्न शून्य. कोणीतरी ते जाऊन पाहिले, कोणीतरी राजमातेपर्यंत पोहोचवले आणि दरबाराने ‘आम्ही तर दिले होते’ असे म्हणून हात झटकले नाहीत. निम्म्याच क्षेत्राची, पण कसता येईल अशी जमीन दिली. दोनशेपेक्षा शंभर मोठे असू शकतात, हे मान्य केले.

या दानाला फार गुलाबी रंगात रंगवायचे कारण नाही. काखडी ओस का पडली? युद्धामुळे, दुष्काळामुळे, की कुळे पळून गेली म्हणून? सीमेवरची ती १०० निवर्तने त्याआधी कोण कसत होते? लेख याबद्दल गप्प आहे. तरी एक गोष्ट पक्की. दिलेल्या गोष्टीचा वापर होतो का, हे सहा वर्षांनी तपासल्याचा दाखला नाशिकच्या दगडावर आहे. आजच्या परिभाषेत याला वापरोत्तर मूल्यमापन म्हणतात.

वाड्याची थंडाई आणि तिची किंमत

इथून आपल्या ओळखीच्या घरांकडे येऊ. सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडा किंवा जुन्या नाशकातले उरलेसुरले वाडे पाहायला येणारी मंडळी ‘काय गार वाटतं!’ असे म्हणतात. ते खरेच आहे आणि त्याला कारण आहे. नाशिक पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी रात्री हवा उतरते. दगडाची आणि विटांची जाड भिंत दुपारची उष्णता पोटात घेते. ती आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते, आणि मग चौकातून वर जाणाऱ्या गरम हवेबरोबर ती निघून जाते. चौक, ओसरी, माजघर या क्रमाने ऊन पायरीपायरीने थोपवले जाते.

माझे लहानपण अशाच एका वाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. म्हणून थंडाईबरोबर दुसरीही बाजू आठवते. माजघरात भर दुपारी दिवा लागे. स्वयंपाकघरात धूर कोंडे. चौकातल्या नळावरून पाणी वर नेताना आईचे खांदे भरून येत. वीज कमी लागे, कारण विजेचे काम बायकांचे हात करत. ती ऊर्जा कोणत्याच वहीत मांडली गेली नाही. वाडा शून्य ऊर्जेवर चालत होता, असे कोणी म्हणाले की मला आईच्या कळशा दिसतात.

आणि वाडा आपोआप टिकत नव्हता. दर पावसाळ्याआधी कौलांची शाकारणी, लाकडाला तेलपाणी, भिंतींना गिलावा लागे. तेवढे उत्पन्न होते तोवर ते झाले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जुन्या दरांना बांधली गेली. भाडेकरूंना आधार मिळाला, आम्हालाही मिळाला, पण दुरुस्तीचा पैसा आटला. मालक म्हणे, परवडत नाही. भाडेकरू म्हणे, घर तुमचे. आज दर पावसाळ्यात जुन्या नाशकात वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते. बांधणी कितीही शहाणी असली, तरी चालवण्याची तजवीज संपली की वास्तू ढासळते. उषवदाताने ठेव ठेवली होती ती याचसाठी.

तेलाचा भडका आणि संहितांचा जन्म

इमारत किती ऊर्जा खाते हे मोजायची आधुनिक सवय १९७३ च्या तेलसंकटातून लागली. तेल महागले तेव्हा पाश्चात्त्य देशांना आपली काचेची, बंद, वातानुकूलित कार्यालये किती खादाड आहेत हे कळले. १९७५ मध्ये अमेरिकेत वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने इमारतींसाठी ऊर्जेचे पहिले मानक काढले. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये ‘ब्रीअम’ ही गुणांकन पद्धत आली आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘लीड’. ऊर्जा, पाणी, साहित्य, जागा यांना गुण द्यायचे आणि बेरजेवरून दर्जा ठरवायचा, ही कल्पना तिथली.

आपल्याकडे विचार त्याआधीपासून होता. रुरकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था स्वातंत्र्याच्या वर्षीची. १९७० ची राष्ट्रीय बांधकाम संहिता आणि १९८७ ची भारतीय मानक ब्यूरोची पुस्तिका यांत उजेड, वारा, उष्णता यांचा ऊहापोह आहे. पुढे मुंबईच्या आयआयटीत प्रा. जे. के. नायक आणि सहकाऱ्यांनी भारतीय हवामानात ऊर्जेचे भान ठेवून इमारत कशी बांधावी, याची हातपुस्तिका तयार केली. पण हा सगळा सल्ला होता. सक्तीचा पाया घातला गेला तो २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने. २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. त्याच सुमारास दिल्लीच्या ‘टेरी’ने घडवलेली ‘गृह’ ही देशी मानांकन पद्धत केंद्र सरकारने स्वीकारली. दुसरीकडे हैदराबादचे सीआयआय-गोदरेज केंद्र ‘लीड’ची प्लॅटिनम श्रेणी मिळवून गाजले होते.

राहत्या घरांची पाळी आली ती डिसेंबर २०१८ मध्ये, ‘इको-निवास संहिते’च्या रूपाने. तिचा गाभा सोपा आहे. छत सोडून बाहेरच्या भिंती आणि खिडक्या यांतून दर चौरस मीटरमागे सरासरी किती उष्णता आत येते, ते काढायचे. थंड प्रदेश वगळता हा आकडा १५ वॅटच्या वर जाता कामा नये. छताला वेगळी मर्यादा. खिडकीचा उघडता येणारा भाग जमिनीच्या क्षेत्राच्या ठरावीक टक्के हवा. उष्ण-कोरड्या प्रदेशात दहा टक्के, दमट प्रदेशात साडेसोळाहून थोडा अधिक. म्हणजे वाडा जे अनुभवाने करत होता, ते इथे गणिताने करायचे. या गणिताला मी नावे ठेवणार नाही. नकाशा कागदावर असतानाच पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा टाकला तर काय फरक पडेल, भिंत पोकळ ठोकळ्यांची केली तर काय होईल, हे पाहता येणे मोलाचे आहे. घर बांधून झाल्यावर पश्चिम दिशा हलवता येत नाही.

एफएसआयचा गोड घास

अडचण पुढे सुरू होते. २०२० च्या अखेरीस राज्यात एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. नाशिकही तिच्यात आहे. पर्यावरणपूरक इमारतीला तिने मानांकनाच्या पायरीनुसार मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र देऊ केले. हेतू चांगला आहे. मानांकन न मिळाल्यास दंडाचीही तरतूद आहे. पण नाशिकमध्ये एक टक्का एफएसआयचे मोल काय, हे गंगापूर रोडवरच्या कोणत्याही दलालाला विचारा. बक्षीस मिळते ते बांधकामाच्या आकाराने आणि एकदाच. इमारत पुढची पन्नास वर्षे कशी वागते, त्याचा त्या बक्षिसाशी रोजचा संबंध राहत नाही.

माझा एक मित्र अशा मानांकित इमारतीत राहतो. कोणती, ते महत्त्वाचे नाही. त्याच्या सोसायटीच्या सचिवांनी मोठ्या मनाने कपाटातली फाइल काढून दिली. जाडजूड, सुबक, रंगीत तक्त्यांची. वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट वीज लागेल, याचा अंदाज त्यात होता. शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये सामायिक मीटरची बिले होती. ही दोन फाइली एकमेकींशेजारी उघडणारे तुम्ही पहिलेच, असे सचिव हसत म्हणाले.

आम्ही बिलांची बेरीज केली. मग प्रश्न आला, भागायचे कशाने? अहवालातले क्षेत्र वेगळे, करारातले चटईक्षेत्र वेगळे. घरोघरची बिले घरोघरच्या खणात. गच्चीवर गेलो तर सौर पाणी-तापकाच्या निम्म्या नळ्या कोरड्या होत्या, कारण एक गळका व्हॉल्व्ह कोणी बदलायचा यावर दोन सभा झाल्या होत्या. सांडपाण्याचे यंत्र बहुतेक वेळ बंद, कारण त्याचे बिल सामायिक खात्यात येते आणि मासिक वर्गणी वाढते. इथे खलनायक कोणी नाही. बांधणाऱ्याने सांगितले ते बसवले, तपासणाऱ्याने बसवलेले पाहिले, राहणाऱ्यांना ते चालवण्याचा खर्च आणि कसब कोणी दिले नाही. भाषांतर करायचे, तर शेत दिले होते, पण ते कसले जात नव्हते.

ही नाशिकचीच तऱ्हा आहे असे नाही. १९९५ ते २००२ या काळात ब्रिटनमध्ये ‘प्रोब’ नावाच्या अभ्यासमालेने नावाजलेल्या नव्या इमारती वापरात आल्यानंतर तपासल्या. त्यांत प्रत्यक्ष वापर अंदाजाच्या पुष्कळ पुढे, कधी दुपटीवर गेलेला दिसला. ऑस्ट्रेलियाने यातून वेगळी वाट काढली. तिथली ‘नेबर्स’ पद्धत नकाशा पाहत नाही. कार्यालयाची बारा महिन्यांची बिले पाहते आणि मग तारे देते. २०१० पासून तिथे मोठी कार्यालये विकताना वा भाड्याने देताना हा दर्जा जाहीर करावा लागतो. २००८ पासून इंग्लंडमध्ये मोठ्या सार्वजनिक इमारतींच्या दर्शनी भागात प्रत्यक्ष ऊर्जा वापराचे पत्रक लावावे लागते.

आपण अगदीच मागे आहोत असेही नाही. ‘गृह’च्या मूळ निकषांतच वापर सुरू झाल्यावर ऊर्जा तपासणी करण्याची अट होती. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००९ मध्ये कार्यालयांसाठी सुरू केलेले तारांकन प्रत्यक्ष बिलांवर आधारलेले आहे. पण ते ऐच्छिक. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याचा हात मोठ्या निवासी इमारतींपर्यंत पोहोचला आहे. उणीव उरते ती एकाच गोष्टीची. निगमसभेची.

फलक कुठे लावायचा?

नाशिकच्या पूर्वेला एकलहरे केंद्राची धुरांडी आहेत. तिथल्या २१० मेगावॉटच्या तीन संचांत कोळसा जळतो. आपल्या लिफ्टचा, पंपाचा, एसीचा दुसरा टोक तिथे किंवा अशाच एखाद्या धुरांड्याखाली आहे. एकलहऱ्याच्या अंगणात राख कोणाच्या वाळवणावर पडते, हे मोजणारा स्तंभ कोणत्याही मानांकनाच्या तक्त्यात मला सापडला नाही. जसा आईच्या कळशांचाही सापडत नाही. म्हणून इमारतीचा हिशेब हा तज्ज्ञाने सही करून कपाटात ठेवायचा दस्तऐवज राहू नये, असे मला वाटते. तो दारात हवा.

मित्राच्या सोसायटीने या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत एक छोटा ठराव केला. जिन्याखालच्या सूचना फलकावर दर वर्षी एक कागद लावायचा. वर्षभराची सामायिक वीज, स्वखुशीने दिलेली घरोघरची बिले, मागवलेले टँकर, यंत्र किती दिवस बंद राहिले ते, आणि शेजारी अहवालातला अंदाज. भागाकार करारातल्या चटईक्षेत्राने करायचा, म्हणजे वाद नको. ठरावाला विरोधही झाला. ‘फ्लॅटची किंमत पडेल,’ असे एक गृहस्थ म्हणाले. त्यांची भीती खोटी नाही. शेवटी गळका व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्चही त्याच ठरावात जोडला गेला आणि तो मंजूर झाला.

सभेनंतर काही दिवसांनी मी पुन्हा डोंगर चढलो. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत थांबलो. १८ व्या वर्षाचा आदेश जिथे संपतो, तिथूनच पुढे २४ व्या वर्षाचा सुरू होतो. एकच भिंत, एकाच हाताच्या अंतरावर. फसलेला आदेश छिन्नीने खरवडून टाकणे अवघड नव्हते. तो तसाच ठेवून त्याच्याखाली दुरुस्ती कोरली आहे.